स्पोर्ट्स कारच्या ब्रेकच्या सिरॅमिक डिस्क (चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकड्या) काढून लोखंडी बसवल्या तर चालेल का?

चालेल. ट्रॅकवर गाडी पळवणारे बरेच जण हेच करतात. कारण सरळ आहे: वारंवार खूप तापल्यावर सिरॅमिक डिस्कमधला कार्बन जळत जातो, डिस्क हलकी होत जाते, आणि नवा संच घ्यायचा म्हटलं की डोळे पांढरे होतात. लोखंडी डिस्क झिजली तर बदलून मोकळं व्हायचं.

पण नुसत्या डिस्क बदलून भागत नाही. पॅड (ब्रेक दाबल्यावर डिस्कला घासणारे तुकडे) बदलावेच लागतात. सिरॅमिकचे पॅड लोखंडावर अजिबात वापरू नका. दुसरं म्हणजे माप. सिरॅमिक डिस्क बहुधा मोठ्या व्यासाची असते, त्यामुळे त्याच व्यासाची आणि जाडीची, ॲल्युमिनियमची मधली टोपी (डिस्क जिथे गाडीला जोडली जाते तो भाग) असलेली लोखंडी डिस्क शोधा. म्हणजे कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारे भाग) तेच राहतात. लहान डिस्क घेतलीत तर कॅलिपर आणि त्याचे ब्रॅकेटही बदलणं आलं, आणि पुढचा-मागचा ब्रेकचा तोल सांभाळायचा ते वेगळंच. पुढच्या चाकांना लोखंड आणि मागे सिरॅमिक, असला अर्धवट प्रकार टाळा.

तोटा वजनाचा. लोखंडी डिस्क साधारण दुप्पट जड, आणि हे वजन सस्पेन्शनच्या स्प्रिंगच्या खालचं, चाकाबरोबर फिरणारं. स्टिअरिंगमध्ये थोडा फरक जाणवेल. चाकांवर काळी पूडही जास्त बसेल (धुवायची तयारी ठेवा).

फक्त रस्त्यावरच चालवत असाल आणि डिस्क शाबूत असतील, तर मी हात लावणार नाही. बदलल्यातच तर जुन्या नीट गुंडाळून ठेवा, कडा आपटली तर टवका उडतो. गाडी विकताना त्या परत बसवता येतील.