उरलंसुरलं लाकूड: फळी वाकली, बैलाचा पाय मोडला

प्रश्न : काका, स्वयंपाकघराचं फर्निचर झालं तेव्हा उरलेले १२ एमएम प्लायचे तुकडे मी फेकू दिले नाहीत. त्यातल्या तीन फुटी तुकड्याची पुस्तकांसाठी फळी केली, दोन्ही टोकांना ब्रॅकेट लावले. चार महिन्यांत ती मधोमध बोटभर खाली आली. प्लाय हलका निघाला का?
– एक वाचक, मनीषनगर

उत्तर : ताई, प्लायला शिव्या देण्याआधी फळी उतरवा आणि तिच्या वरच्या थरातल्या रेषा कुठं धावतात ते बघा. माझा अंदाज, त्या फळीच्या लांबीला नाहीत, रुंदीला आहेत. मिस्त्री आधी कपाटाच्या बाजू नि दारं कापतो, उरतं ते आडवंतिडवं. प्लायमध्ये थर एकाआड एक आडवे-उभे बसवलेले असतात, पण अगदी बाहेरचे दोन्ही थर एकाच दिशेचे, आणि वाकताना सगळ्यात जास्त ताण त्यांच्यावरच येतो. रेषा लांबीला असल्या तर फळी ताठ राहते, आडव्या असल्या तर वजनाखाली झुकते. पोरांना तीस वर्षं सुतारकाम शिकवलं, पण तुकडा हातात घेतल्यावर आधी रेषा बघणारा पोरगा क्वचितच भेटला.

शिवाय तीन फुटांना १२ एमएम कमीच. १९ एमएमची फळी जाडीला दीडपट, पण ताठपणाला जवळपास चौपट. म्हणून लगेच लकडगंजचा लाकूडबाजार गाठू नका. फळी उलटी करा, म्हणजे पोक वर येईल. समोरच्या काठाखाली सागाची दीड इंच उंचीची पट्टी उभी लावा. तीच पट्टी आडवी चिकटवली तर फारसा फरक पडणार नाही. फेविकॉल लावून स्क्रू वरून, प्लायमधून पट्टीत उतरवा. प्लायच्या कडेत स्क्रू घातला की थर उकलतात. आधी बारीक भोक पाडा, स्क्रूला साबण चोळा. एवढंही नको असेल तर मधोमध तिसरा ब्रॅकेट लावून मोकळ्या व्हा.

प्रश्न : तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोरं लाकडी बैल मिरवतात त्या सणाला, नातवाला जुन्या चौकटीच्या सागाचा बैल करून दिला. जिगसॉनं एकाच तुकड्यातून अख्खा कापला. अंगणातच पुढचे दोन्ही पाय गेले. पुढच्या वर्षी काय करू?
– एक आजोबा, महाल

उत्तर : हा गुन्हा माझ्याही नावावर आहे. माझ्या मुलीचा बैल बोजारा (पोळ्याची बक्षिसी) मिळायच्या आधीच तीन पायांवर आला होता, आणि घरी येईस्तोवर ती माझ्याशी बोलली नाही.

चौकटीच्या लाकडाचे तंतू लांबीला धावतात. बैलाची पाठ त्या दिशेनं धरली की पायात तेच तंतू आडवे येतात, आणि असा पाय बिस्किटासारखा मोडतो. म्हणून धड वेगळं, पाय वेगळे. पायांत तंतू वरून खाली हवेत. पोटाला पटाशीनं अर्धा इंच खोल खाचा घ्या, पाय घट्ट बसतील इतक्याच. फेविकॉल लावून सुतळीनं आवळा आणि रात्रभर हात लावू नका. खोलीत कूलर सुरू असेल तर आणखी एक दिवस थांबा, ओलसर हवेत फेविकॉल वाळत नाही.

चाकं १२ एमएम प्लायची करा. फांदीच्या चकत्या दिसतात छान, पण आपल्या उन्हात मधापर्यंत तडकतात.

करवत लावण्याआधी चौकटीवरून लोहचुंबक फिरवा, मोडका खिळा आत असतोच. आणि चौकटीला जुना ऑइल पेंट असेल तर तो कोरडा घासू नका. घरगुती रंगातल्या विषारी शिशावर आपल्याकडे ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा लागू झाली ती नोव्हेंबर २०१७ पासून, तुमची चौकट त्याच्या कितीतरी आधीची असणार. तोंडाला मास्क लावा, पाणी लावून वॉटर पेपरनं रंग पूर्ण काढा, धूळ ओल्या फडक्यानं टिपा आणि तोवर नातू शेजारी पाठवा.

शिंगांना खिळे नकोत. सागाच्याच दोन काड्या तासा, टोकं बोथट घासा.