वयोवृद्ध नाही हो, मुरब्बी!

प्रश्न असा की नोरियाकी कासाईसारख्या 'वेटरन' जपानी स्की जंपरला (बर्फाच्या उतारावरून स्कीवर लांब उडी मारणारा) मराठीत 'वयोवृद्ध खेळाडू' म्हटलं तर चालेल का. अजिबात नाही! हे वयोवृद्ध ऐकून ऐकून कान किटलेत. 2014 ला सोचीच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये लार्ज हिलवर, म्हणजे मोठ्या उतारावरच्या स्पर्धेत, सिल्व्हर घेतलं तेव्हा तो 41 चा होता, गोल्ड फक्त 1.3 पॉइंटने हुकलं, आणि अशा माणसाच्या हातात तुम्ही काठी देताय. ज्येष्ठ, अनुभवी वगैरे सगळ्यांना माहितीयेत, ते सोडा.

खरा शब्द मुरब्बी. आता बरेच जण, त्यात कोशबिश चाळणारेही आले, छातीठोकपणे सांगतात की हा 'मुरणे'वरून आला, लोणचं मुरतं तसा माणूस मुरतो. साफ चूक. मग तो 'ब्बी' कुठून टपकला ते तरी सांगा की! शब्द मूळचा अरबी, फारसीतून आपल्याकडे आला, अर्थ वाढवणारा, जोपासणारा, पालक. आणि खरी मजा पुढे आहे, त्याच धातूपासून 'मुरब्बा', म्हणजे जोपासलेलं, टिकवून ठेवलेलं, तोच आपला मुरंबा! मुरब्बी कर्तरी, मुरंबा कर्मणी, झालं.

कासाई दोन्हीत बसतो बघा. 1988 ला वर्ल्ड कपमध्ये उतरला तेव्हा 16 वर्षांचा, स्की समांतर ठेवून उडायचे दिवस होते ते, मग व्ही स्टाईल आली, म्हणजे स्की पुढे फाकवून इंग्रजी V सारख्या, पोरगा ती नव्याने शिकला आणि 1992 ला स्की फ्लाइंगचा, म्हणजे आणखी मोठ्या उतारावरून लांबच लांब उड्यांचा, वर्ल्ड चॅम्पियन झाला. त्याचा एखादा व्हिडिओ थांबवून बघा, बाकीचे हात अंगालगत ठेवतात, हा मात्र दोन्ही हात फाकवून तळवे उघडे ठेवतो आणि इतका पुढे झुकतो की नाक जवळजवळ स्कींच्या मधे. 1992 ते 2018, आठ ऑलिंपिक. टिकला म्हणजे किती टिकावं!

आणि जोपासणाराही आहेच की, त्सुचिया होम या जपानी कंपनीच्या टीममध्ये स्वतः उड्या मारतामारता कोचगिरीही करायचा, तिथेच र्योयू कोबायाशी तयार झाला ज्याने 2018-19 चा ओव्हरऑल वर्ल्ड कप मारला. म्हणजे अरबी अर्थानेसुद्धा मुरब्बी! पण आपल्याकडे मुरब्बी म्हटलं की पुढे 'राजकारणी' येणारच, पेपरवाल्यांनी शब्दाची पार वाट लावलीये. 'बुजुर्ग'चंही तेच केलंय, त्याचा फारसी अर्थ मुळात थोर, म्हातारा नव्हे, पण ते परत कधीतरी.