आधी साल बघ

प्रिय मित्रा,

नाताळ हा रोमन सूर्यदेवाचा ढापलेला सण आहे, असं वाचून तुझी झोप उडाली. तुझी तळमळ पोचली, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी पुरावा बघ. इ.स. ३५४ चा एक रोमन पंचांगसंग्रह आहे. त्यात २५ डिसेंबरला ‘अजिंक्याचा जन्मदिन’ आणि रथांच्या ३० शर्यती नोंदवल्या आहेत. हा अजिंक्य म्हणजे सूर्य. त्याच संग्रहात हुतात्म्यांच्या यादीत, त्याच तारखेला, बेथलेहेममध्ये ख्रिस्तजन्म! मग आधी कोण? सम्राट ऑरेलियनने २७४ मध्ये सूर्याचं देऊळ उभारलं खरं, पण तेवढ्यावरून तारीख सिद्ध होत नाही. शिवाय दुसरा हिशोबही आहे. येशूचं मरण २५ मार्चला झालं, असं सुरुवातीच्या काळातला ख्रिस्ती लेखक तर्तुल्यन याच्या काळापासून मानत. गर्भधारणाही त्याच दिवशी धरली, तर नऊ महिन्यांनी नाताळच येतो. मला हा हिशोब जास्त पटतो.

पण म्हणून ‘ख्रिस्त्यांनी जुन्या धर्मांतून काही घेतलंच नाही’ असंही म्हणू नकोस. पाचव्या शतकात पोप लिओ प्रवचनात कळवळून सांगतो, की लोक रोममधल्या संत पेत्राच्या चर्चच्या पायऱ्या चढतात आणि आत शिरण्याआधी मागे वळून उगवत्या सूर्याला वाकून नमस्कार करतात. ती माणसं मला फार जवळची वाटतात. देव बदलला, पण पहाटेची सवय अंगात मुरलेली. आणि ६०१ मध्ये पोप ग्रेगरीने तर इंग्लंडच्या मिशनऱ्यांना लेखीच कळवलं : देवळं पाडू नका, मूर्ती काढा, पवित्र पाणी शिंपडा, वेदी उभारा. हे उघडउघड, विचारपूर्वक घेणं आहे. धुपाचंही तसंच. रोमन सम्राटापुढे चिमूटभर धूप टाकायला नकार देऊन ख्रिस्ती माणसांनी जीव दिला. पुढे तोच धूप चर्चमध्ये दरवळू लागला.

मिथ्रास या रोमन काळातल्या देवाची येशूशी असलेली साम्यं सांगणारी तुझी यादी सोबत परत पाठवतोय. तो कुमारीपोटी जन्मला असं तू लिहिलंयस. शिल्पांत तो खडकातून बाहेर येताना दिसतो. ती ओळ खोड. त्याच्या विधीतली भाकरी आणि पाण्याचा पेला मात्र ठेव, कारण दुसऱ्या शतकाच्या मध्यावर ख्रिस्ती लेखक जस्टिन स्वतःच त्याबद्दल चिडून लिहितो : सैतानांनी आमच्या प्रभुभोजनाची नक्कल केली! बाकी प्रत्येक ओळीपुढे पुराव्याचं साल लिही आणि पुढच्या पत्रासोबत पाठव.

तुझा,
सर