नव्या टाकीत मासे मरतात? आधी निळं औषध बंद करा

प्रश्न: परसात हजार लिटरच्या दोन सिमेंटच्या टाक्या बांधून, आठवडाभर पाणी ठेवून, दुकानदाराच्या सांगण्यावरून गप्पी, एंजल आणि गोल्डफिश एकत्र सोडले. मासे वर येऊन धापा टाकतात आणि मरतात. अंगावर डाग नाहीत. दुकानदार रोज झाकणभर निळं औषध घालायला सांगतो. काय करावं?
– एक भगिनी, डिचोली (गोवा)

उत्तर: ताई, औषध आजच बंद करा. हा रोग नव्हे, माशांना पाणी बाधलंय. नव्या सिमेंटचा चुना सुटून पाण्याचा सामू (pH) चढतो आणि चढत्या सामूत विष्ठेतला अमोनिया जास्त विषारी होतो. तो पचवणारे जिवाणू टाकीत तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. निळं औषध नेमकं त्यांनाच मारतं. सत्तरी तालुक्यात, पेडण्यात, जिथे जातो तिथे हीच बाटली दिसते.

उरलेले मासे प्लॅस्टिकच्या टबात हलवा, हवेचा पंप लावा, दोन दिवस खाणं बंद. रोज पाव भाग पाणी बदला. नळाचं पाणी आदल्या दिवशी उघडं भरून ठेवा. जाडं मीठ लिटरला १ ग्रॅम, त्यावर चिमूटही नको. मीठ उडून जात नाही, म्हणून पुढच्या वेळी फक्त बदललेल्या पाण्यापुरतंच घाला. झाकणभर, मूठभर ही मापं नव्हेत. वजन करा.

टाक्या भरा, तीन-चार दिवसांनी उपसा, ब्रशने घासा. सामू आठच्या आत टिकेपर्यंत हेच. मग स्पंज फिल्टर लावाच, यात तडजोड नको. निरोगी, चालत्या टाकीतला वापरलेला, म्हणजे ते जिवाणू आधीच असलेला स्पंज मिळाला तर सोन्याहून पिवळं. तो नळाखाली धुऊ नका, टाकीतून काढलेल्या पाण्यात पिळा.

दुकानदार जूनमध्येच माल गळ्यात मारेल. घेऊ नका. उघड्या टाकीत पावसाचं पाणी पडून सामू घसरतो, वीज गेली की पंप बंद. चवथ (गणेशचतुर्थी) होऊ द्या.

पहिलं वर्ष फक्त मोली किंवा गप्पी. एंजल गप्पीची पिल्लं खातो, गोल्डफिश घाण फार करतो. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी मऊ (क्षार कमी असलेलं) असेल तर तिसऱ्यांची धुतलेली शिंपलं जाळीत बांधून टाकीत सोडा.

प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत परसातल्या शोभेच्या माशांच्या युनिटचा खर्च ३ लाख धरतात. महिलांना ६० टक्के अनुदान. चौकशी मत्स्योद्योग खात्यात. मंजुरीआधी आणखी खर्च करू नका.

आणि नको झालेले मासे व्हाळात किंवा विहिरीत अजिबात सोडू नका.