अठरा पूर्ण झाले म्हणजे परिपक्वता आली का?

प्रश्न : अमेरिकेत अठरा वर्षांखालील गुन्हेगाराला मृत्युदंड देता येत नाही. मग अठरा ते वीस वयाच्या आरोपींना तेच संरक्षण मिळावे, ही मागणी तेथील न्यायालयांत का टिकत नाही?

उत्तर : ‘रोपर विरुद्ध सिमन्स’ खटल्यात २००५ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी असा निर्णय दिला की, गुन्ह्याच्या वेळी अठरा पूर्ण न झालेल्याला मृत्युदंड देणे ही आठव्या घटनादुरुस्तीने निषिद्ध मानलेली ‘क्रूर आणि असाधारण’ शिक्षा आहे. अविचार, सवंगड्यांच्या दबावाला बळी पडणे आणि स्वभाव अजून घडत असणे, ही त्यामागची कारणे होती. ती अठराव्या वाढदिवशी नाहीशी होत नाहीत, हे त्याच निकालपत्रात मान्य केलेले आहे आणि नव्या आव्हानांचा सारा आधार तोच आहे.

अडचण विज्ञानापेक्षा मोजदादीची अधिक आहे. एखादी शिक्षा क्रूर ठरवताना न्यायालय राज्यांचे कायदे पाहते. २००५ मध्ये मृत्युदंडच नसलेली आणि अल्पवयीनांना वगळणारी राज्ये मिळून ३० भरली होती. मृत्युदंड टिकवून ठेवलेल्या एकाही राज्याने मात्र वयोमर्यादा २१ वर नेलेली नाही. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने आखलेली रेषा आपण हलवू शकत नाही, अशी खालच्या न्यायालयांची भूमिका असते. केंटकीतील एका न्यायाधीशाने २०१७ मध्ये ती हलवली खरी, परंतु आरोपींवर अद्याप खटलाच चाललेला नसल्याने हा प्रश्न अकाली आहे, असे सांगून राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये तो आदेश रद्द केला. मॅसॅच्युसेट्समध्ये २०२४ साली १८ ते २० वयोगटाला यश आले, पण ते त्या राज्याच्या स्वतःच्या घटनेच्या आधारे आणि पॅरोलविना जन्मठेपेपुरते; मृत्युदंड तेथे नाहीच.

वयाचा विचार ज्युरीने प्रत्येक खटल्यात करावा, हे उत्तर मला अपुरे वाटते. सिमन्सच्या खटल्यात सरकारी वकिलाने सतरा हे वय सौम्यतेचे नव्हे, तर भीतीचे कारण म्हणून ज्युरीपुढे मांडले होते. न्यायालयाने सरसकट बंदीचे समर्थन करताना या युक्तिवादाचा उल्लेख केला, आणि तो धोका एकोणिसाव्या वर्षीही तेवढाच असतो.