खटला भरायचा की नाही, हे ठरवणारा वकील : वाचकांचे प्रश्न

अमेरिकेतील फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, न्यायालयांत फौजदारी खटले चालवणाऱ्या सरकारी वकिलांच्या कामाविषयी वाचकांची बरीच पत्रे आली. त्यांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : मी महाराष्ट्रात सहायक सरकारी अभियोक्ता आहे. पोलिसांनी दोषारोपपत्र दाखल केल्यावरच कागद माझ्या हाती येतात. अमेरिकेत मात्र सरकारी वकील तपासापासूनच एफबीआयबरोबर काम करतो, असे समजते. मग त्याची निष्पक्षता टिकते कशी? (एक वाचक, सातारा)

उत्तर : आपल्याकडे तपास हे पोलिसांचे क्षेत्र मानले गेले आहे, आणि दोषारोपपत्र दाखल करण्यापूर्वी सरकारी अभियोक्त्याचे मत घेण्याचे बंधन तपास अधिकाऱ्यावर घालता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ‘आर. सरला विरुद्ध टी. एस. वेलू’ या प्रकरणात 2000 मध्ये स्पष्ट केले. अमेरिकेच्या फेडरल व्यवस्थेत याच्या नेमके उलट आहे. तेथे गंभीर गुन्ह्याचे आरोपपत्र सरकारी वकिलाच्या सहीशिवाय न्यायालयात उभे राहत नाही, त्यामुळे एफबीआयच्या अधिकाऱ्याला पुरावा गोळा करतानाच त्या वकिलाची खात्री पटवावी लागते. देशात 94 फेडरल डिस्ट्रिक्ट, म्हणजे न्यायालयीन विभाग, आहेत आणि त्यांवर 93 युनायटेड स्टेट्स अॅटर्नी, म्हणजे विभागाचे मुख्य सरकारी वकील, नेमलेले असतात, कारण ग्वाम आणि उत्तर मारियाना बेटे यांचा अॅटर्नी एकच असतो. प्रत्यक्ष खटले चालवतात ते त्यांच्या हाताखालचे असिस्टंट, आणि आपला प्रश्न त्यांच्याविषयीच आहे.

हा वकील साक्षीदार आणि कागदपत्रे ग्रँड ज्युरीसमोर मांडतो. तिच्यात 16 ते 23 सामान्य नागरिक असतात, आणि त्यांतील किमान 12 जणांनी होकार दिला तरच आरोपपत्र निघते. तेथे न्यायाधीश बसलेला नसतो, आरोपीच्या वकिलाला प्रवेश नसतो, आणि कामकाज गुप्त असते. ग्रँड ज्युरीच्या नावाने निघणाऱ्या समन्सच्या बळावर बँकांची खाती, कंपन्यांचे हिशेब, दूरध्वनीच्या नोंदी सरकारी वकिलाच्या टेबलावर येतात. समोर एकच बाजू येत असल्यामुळे ग्रँड ज्युरी क्वचितच नकार देते. म्हणूनच तिला नागरिकांचे संरक्षक कवच म्हणणे मला पूर्णपणे पटत नाही. खरा अंकुश असावा लागतो तो वकिलाच्या स्वतःच्या निर्णयावर. न्याय खात्याच्या नियमावलीनुसार त्याने आधी स्वतःला विचारायचे असते की न्यायालयात ग्राह्य ठरेल असा पुरावा दोष सिद्ध करून अपिलातही टिकण्याइतका आहे का. आणि तो असला तरी या खटल्यात फेडरल सरकारचे महत्त्वाचे हित गुंतलेले आहे का, की राज्याचे न्यायालय किंवा एखादी दिवाणी कारवाई त्याला पुरेशी आहे.

आता निष्पक्षतेविषयी. ज्याने महिनोन्महिने खपून खटला उभा केला, त्यालाच त्यातील दुबळे दुवे सर्वांत शेवटी दिसतात, हा धोका खरा आहे आणि वरिष्ठांनी आरोपपत्र तपासण्याची पद्धत त्यासाठीच आहे. तरीही माझे मत असे, की वकिलाने कागद वेळेवर वाचणे हे आरोपीच्याही हिताचे असते. आपल्याकडे पुराव्यात दम नसलेली प्रकरणे वर्षानुवर्षे न्यायालयात रेंगाळतात, त्याचे एक कारण असे की ती दाखल होण्यापूर्वी ‘हे टिकणार नाही’ असे म्हणण्याचा अधिकार असलेल्या वकिलाने ती वाचलेलीच नसतात. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 20 ने काही गुन्ह्यांतील पोलीस अहवालाची छाननी अभियोग संचालनालयाकडे सोपवली आहे. हे पाऊल मला मोलाचे वाटते. आपल्या कार्यालयात ही छाननी नावापुरती होणार नाही, याचा आग्रह आपल्यासारख्या अभियोक्त्यांनी जरूर धरावा.

प्रश्न : 26/11 च्या कटातील डेव्हिड हेडली याला अमेरिकेने फाशीपासून वाचवले आणि भारताच्या हवालीही केले नाही. मुंबईकराने याला न्याय कसे म्हणावे? (एक वाचक, दादर)

उत्तर : आपला संताप मी समजू शकतो. त्या हल्ल्यात 166 माणसे गेली, आणि ज्याने ताज आणि छत्रपती शिवाजी टर्मिनससारख्या जागांची आधी येऊन टेहळणी केली, तो माणूस अमेरिकेच्या तुरुंगात जिवंत आहे. यावर माझ्याकडे समाधानाचे शब्द नाहीत, पण तो निर्णय कसा झाला हे सांगता येईल.

मृतांमध्ये सहा अमेरिकी नागरिक होते, म्हणून अमेरिकी कायद्याखाली खटला चालवणे शक्य झाले. तो शिकागो येथील युनायटेड स्टेट्स अॅटर्नीच्या कार्यालयाने चालवला. हेडलीला ऑक्टोबर 2009 मध्ये अटक झाली आणि 18 मार्च 2010 रोजी त्याने बाराही आरोपांत गुन्हा कबूल केला. त्यांतील सहा आरोप अमेरिकी नागरिकांच्या हत्येला साहाय्य केल्याचे होते, आणि त्यांना मृत्युदंडाची तरतूद होती. करार असा झाला, की त्याने तपासात पूर्ण आणि खरे सहकार्य करावे, साक्ष द्यावी, परदेशी यंत्रणांच्या प्रश्नांनाही उत्तरे द्यावीत, आणि त्या बदल्यात सरकार मृत्युदंड मागणार नाही, तसेच याच गुन्ह्यांसाठी त्याला भारत, पाकिस्तान किंवा डेन्मार्कच्या ताब्यात देणार नाही. हा निर्णय शिकागोतील वकिलांनी आपल्या अखत्यारीत घेतलेला नव्हता. मृत्युदंड मागायचा की नाही, हे ठरवण्याचा अंतिम अधिकार वॉशिंग्टनमध्ये न्याय खात्याचे प्रमुख असलेल्या अॅटर्नी जनरलकडे असतो.

सरकारी वकिलाच्या कामाचा सर्वांत अवघड भाग हाच आहे. गुन्ह्याच्या आतली माहिती बहुधा गुन्हेगाराकडेच असते, आणि ती मिळवायची तर त्याला काहीतरी द्यावे लागते. आपल्या कायद्यातील माफीच्या साक्षीदाराची कल्पनाही याच गरजेतून आलेली आहे. फरक इतकाच, की अमेरिकेत ही देवघेव अपवाद न राहता रोजच्या कामाचा भाग झाली आहे. फेडरल न्यायालयांतील दोषसिद्धींपैकी 97 टक्के गुन्ह्याच्या कबुलीतून होतात, असे तेथील सर्वोच्च न्यायालयानेच 2012 मधील एका निकालात नमूद केले. तेव्हा हा वकील ज्युरीपुढे युक्तिवाद करताना जितका दिसतो, त्याहून कितीतरी अधिक काळ तो बंद खोलीत आरोपी आणि त्याच्या वकिलासमोर बसून कोणाचे किती खरे मानायचे आणि त्याची काय किंमत द्यायची, याचा विचार करत असतो.

हेडलीच्या बाबतीत त्या किमतीच्या मोबदल्यात काय मिळाले? जून 2010 मध्ये आपल्या राष्ट्रीय तपास यंत्रणेच्या अधिकाऱ्यांनी शिकागोत त्याची चौकशी केली. 2011 मध्ये त्याने आपला साथीदार तहव्वूर राणा याच्याविरुद्ध साक्ष दिली. ज्युरीने राणाला लष्कर-ए-तोयबाला साहाय्य केल्याबद्दल आणि डेन्मार्कमधील एका वृत्तपत्रावर हल्ला करण्याच्या कटाबद्दल दोषी ठरवले, पण मुंबई हल्ल्याच्या आरोपातून मुक्त केले. डिसेंबर 2015 मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने हेडलीला माफीचा साक्षीदार होऊ दिले, आणि फेब्रुवारी 2016 मध्ये विशेष सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनी व्हिडिओद्वारे त्याची साक्ष नोंदवली. त्याला 24 जानेवारी 2013 रोजी 35 वर्षांची शिक्षा झाली, आणि फेडरल व्यवस्थेत पॅरोल रद्द झालेला असल्यामुळे तिचा फार मोठा भाग त्याला भोगावाच लागेल. राणाला पुढे एप्रिल 2025 मध्ये भारतात आणण्यात आले. त्याच्या प्रत्यार्पणासाठी भारताची बाजू अमेरिकी न्यायालयांत मांडणारे वकीलही हेच फेडरल सरकारी वकील होते.

मला विचाराल, तर मृत्युदंड न मागण्याचा सौदा मी समजू शकतो, कारण मेलेल्या माणसाची साक्ष घेता येत नाही. भारताच्या हवाली न करण्याचे वचन मात्र मला आजही खटकते. ज्या शहराने माणसे गमावली, त्याचे म्हणणे करार करताना त्या खोलीत मांडणारा कोणी नव्हता.

प्रश्न : सरकारी वकिलाच्या हाती आरोपीच्या फायद्याचा पुरावा लागला, तर त्याने काय करावे? (विधी शाखेची विद्यार्थिनी, नाशिक)

उत्तर : त्याने तो आरोपीच्या वकिलाला द्यावा. मागितला नसला तरी द्यावा, आणि आरोपीला त्याचा उपयोग करता येईल इतक्या वेळेत द्यावा. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या ‘ब्रेडी विरुद्ध मेरीलँड’ या 1963 च्या निकालाने ही घटनात्मक जबाबदारी ठरवली, आणि 1972 च्या ‘जिग्लिओ’ निकालाने तिच्यात सरकारी साक्षीदाराच्या विश्वासार्हतेला धक्का देणारी माहितीही आणली. साक्षीदाराला खटल्यातून सूट देण्याचे आश्वासन दिले असेल, तर तेही सांगावेच लागते. माहिती पोलिसांच्या कपाटात पडून होती आणि वकिलाला ठाऊकच नव्हती, हा बचावही चालत नाही, असे 1995 च्या ‘काइल्स विरुद्ध व्हिटली’ निकालापासून स्पष्ट आहे.

ही जबाबदारी मोडली गेल्याचे मोठे उदाहरण अलास्काचे सिनेटर टेड स्टीव्हन्स यांचे आहे. ऑक्टोबर 2008 मध्ये ज्युरीने त्यांना मिळालेल्या भेटींची माहिती दडवल्याच्या आरोपांत दोषी ठरवले, आणि काही दिवसांतच ते निवडणूक हरले. त्यानंतर उघड झाले, की मुख्य साक्षीदाराने आधी दिलेली, स्टीव्हन्स यांना उपकारक ठरणारी माहिती सरकारी वकिलांनी बचाव पक्षाला दिलीच नव्हती. एप्रिल 2009 मध्ये खुद्द न्याय खात्याच्या विनंतीवरून न्यायाधीश एमेट सलिव्हन यांनी दोषसिद्धी रद्द केली. निवडणूक मात्र परत होणार नव्हती, आणि म्हणूनच हा नियम तांत्रिक मानणाऱ्यांशी मी कधीही सहमत होणार नाही.

आपल्याकडेही हा विचार रुजतो आहे. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2021 मध्ये स्वतःहून घेतलेल्या प्रकरणात अशी अपेक्षा नोंदवली, की सरकार पक्ष ज्या जबाबांवर आणि कागदांवर विसंबून नाही, त्यांची यादीही आरोपीला मिळावी. वकिली सुरू कराल तेव्हा ही यादी मागण्यास विसरू नका.

प्रश्न : अॅटर्नीची नेमणूक राष्ट्राध्यक्ष करतात. मग सत्ताधाऱ्यांच्या दबावापासून हे वकील कसे वाचतात? (एक वाचक, पणजी)

उत्तर : नेहमी वाचतातच असे नाही. अॅटर्नीची नेमणूक सिनेटच्या संमतीने राष्ट्राध्यक्ष करतात आणि ते त्यांना काढूही शकतात. असिस्टंटांची नेमणूक अॅटर्नी जनरल करतात आणि त्यांतील बरेच जण अनेक सरकारे येऊन गेली तरी त्याच कार्यालयात काम करत राहतात. 2006 च्या डिसेंबरात एकाच दिवशी सात अॅटर्नींना जाण्यास सांगण्यात आले, तेव्हा उठलेले वादळ पुढच्या वर्षी अॅटर्नी जनरल अल्बर्टो गोन्झालेस यांच्या राजीनाम्यापर्यंत पोहोचले. फेब्रुवारी 2025 मध्ये न्यूयॉर्कचे महापौर एरिक अॅडम्स यांच्यावरील भ्रष्टाचाराचा खटला मागे घेण्याचा आदेश वॉशिंग्टनहून आला, तेव्हा तेथील प्रभारी अॅटर्नी डॅनिएल ससून यांनी त्यावर सही करण्याऐवजी राजीनामा दिला, आणि त्यांच्यामागोमाग आणखी काही वकिलांनीही पद सोडले. खटला मागे घेण्यास न्यायालयाची परवानगी लागते, जशी आपल्याकडे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 360 खाली न्यायालयाची संमती लागते. न्यायाधीश डेल हो यांनी एप्रिलमध्ये खटला काढून टाकला, पण तो पुन्हा कधीच भरता येणार नाही अशा रीतीने, जेणेकरून महापौरांच्या डोक्यावर त्याची टांगती तलवार राहू नये. खटला चालवण्याची सक्ती न्यायालयाला सरकारवर करता येत नाही, म्हणून त्याची ताकद इथवरच पोहोचते. त्यापलीकडे उरतो तो राजीनामा देण्याची तयारी असलेला वकील, आणि अशा माणसांविषयी मला मनापासून आदर आहे.

प्रश्न : आमची मुलगी न्यू जर्सीत कायद्याचे शिक्षण घेत आहे आणि तिला फेडरल सरकारी वकील व्हायचे आहे. आम्ही तिला काय सांगावे? (एक पालक, एडिसन)

उत्तर : तिचे अमेरिकी नागरिकत्व आहे का, हे प्रथम पाहावे, कारण या पदासाठी सर्वसाधारणपणे ते आवश्यक असते. ज्युरिस डॉक्टर ही पदवी आणि कोणत्याही एका राज्याची चालू सनद लागते, आणि बहुतेक जाहिरातींत पदवीनंतर किमान एक वर्षाचा अनुभव मागितलेला असतो. पदवीनंतर थेट न्याय खात्यात जाण्याचा मार्ग म्हणजे 1953 पासून चालत आलेला ऑनर्स प्रोग्राम. त्यात निवड फार थोड्यांची होते. अनेकजण आधी एखाद्या फेडरल न्यायाधीशाकडे लॉ क्लार्क, म्हणजे कायद्याच्या कामातील सहायक, म्हणून काम करतात, आणि मला तोच मार्ग सर्वांत शिकवणारा वाटतो, कारण चांगला आणि वाईट युक्तिवाद न्यायाधीशाच्या बाजूने कसा ऐकू येतो, हे तेथेच कळते. काहीजण जिल्ह्याच्या किंवा काउंटीच्या सरकारी वकिलाच्या कार्यालयातून येतात. निवड झाल्यावर पार्श्वभूमीची कसून तपासणी होते. त्यात कर भरण्यातील हयगय, दडवलेले कर्ज, अमली पदार्थांचे सेवन या गोष्टी पुढे येतात, म्हणून अर्जात काहीही लपवू नये. पगार मोठ्या खाजगी फर्मपेक्षा बराच कमी असतो. शिक्षणासाठी कर्ज काढले असेल, तर त्याचा हिशेब आताच मांडून ठेवावा.

आणखी एक विनंती. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या 1935 च्या ‘बर्जर’ निकालात न्यायमूर्ती सदरलँड यांनी लिहिले आहे, की फेडरल सरकारी वकिलाचे काम खटला जिंकणे हे नसून न्याय होईल हे पाहणे आहे. त्याने जोरदार प्रहार जरूर करावेत, पण नियमबाह्य प्रहार करण्याची मुभा त्याला नाही. तो निकाल तिला मुळातून वाचायला सांगावा, आणि मुलाखतीत ‘तुम्ही कोणता खटला भरला नसता?’ असे विचारले गेले, तर खरे उत्तर देता येईल इतका विचार तिने आधी करून ठेवावा.