इलेक्ट्रिक गाडीचा पुढचा बॉल जॉइंट बाहेरच्या गॅरेजमध्ये बदलून घेता येतो का? करंटचा धोका असतो का?

हो, येतो. पुढच्या चाकाखालचा हा सांधा गाडी डिझेलवर चालते की बॅटरीवर हे ओळखत नाही. मी कोल्हापुरात गॅरेज चालवतो. टॅक्सीचे आर्म, म्हणजे चाक गाडीच्या सांगाड्याला जोडणारे खालचे लोखंडी हात, आम्ही उद्यमनगरातल्या ज्या प्रेसवर नेतो, त्याच प्रेसवर इलेक्ट्रिक गाड्यांचेही जातात.

तुम्ही लिहिलंय की गाडी साठेक हजार किलोमीटर चाललेली आहे, मोटर पुढच्या चाकांवर आहे, खड्ड्यात आणि हळू वळताना डावीकडून टकटक येते आणि बॉल जॉइंट गेलाय असं सांगण्यात आलंय. गाडीचं नाव तुम्ही दिलेलं नाही, म्हणून आपल्याकडे सर्रास दिसणारी मॅकफर्सन स्ट्रटची रचना (स्प्रिंग आणि शॉकअबसॉर्बर एकाच उभ्या खांबात) धरून लिहितो. करंटची भीती बाजूला ठेवा, तिच्याकडे नंतर येतो. माझ्या मते धोका दोन ठिकाणी आहे: चांगला जॉइंट उगाच बदलला जाणं, आणि जॅक चुकीच्या जागी लागणं.

आधी आवाजाचं बघू. पेट्रोल गाडीत इंजिनाच्या घरघरीखाली दबून जाणारे आवाज इलेक्ट्रिक गाडीत उघडे पडतात. त्यामुळे गिऱ्हाईक लवकर येतं, ही चांगली गोष्ट. वाईट एवढंच की ‘पुढून टकटक’ म्हटलं की सरसकट बॉल जॉइंट लिहून दिला जातो. संशयित तर बरेच असतात: स्टॅबिलायझरचा (दोन्ही बाजूंची चाकं जोडणाऱ्या आडव्या बारचा) लिंक रॉड, स्ट्रटच्या डोक्यावरचं माउंटिंग आणि त्यातलं बेअरिंग, लोअर आर्मचे रबरी बुश, स्टिअरिंगचा टाय रॉड एंड, एक्सलचा बाहेरचा जॉइंट. माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांत टकटकीचा पहिला मानकरी बहुतेक वेळा लिंक रॉड असतो, आणि तो या सगळ्यांत स्वस्त आहे.

घरबसल्या थोडं ओळखता येतं. रुंद गतिरोधकावरून दोन्ही चाकं एकदम न्या, मग एकच चाक खड्ड्यात घाला. दोन्ही चाकं बरोबर उचलली गेली की स्टॅबिलायझर बार पिळला जात नाही, लिंक रॉडवर जोर येत नाही. म्हणून आवाज फक्त एकेरी खड्ड्यात येत असेल तर आधी लिंक रॉड बघायचा. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना स्प्रिंग ‘टुंग’ करून उडाल्यासारखा आवाज आला तर वरचं बेअरिंग. स्टिअरिंग पूर्ण कापून पुढे निघताना चाकाच्या फेऱ्यांबरोबर टिकटिक वाढत गेली तर एक्सलचा बाहेरचा जॉइंट. आणि एक आवाज खास या गाड्यांत जास्त जाणवतो. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की मोटर जनरेटर होते, चाकावरचा जोर क्षणात उलटा होतो. त्या क्षणी एकच ‘ठक्’ आला तर आर्मचा मागचा बुश किंवा एक्सलचे दाते तपासायचे. बॉल जॉइंट गेला की हळू वळताना करकर येते किंवा खड्ड्यात आणि ब्रेक लावताना ठोका बसतो. पण नुसत्या कानावर निकाल देऊ नये.

खरी तपासणी गाडी उचलून, आणि तुमच्यासमोर करायला सांगा. चाक लोंबकळत ठेवायचं, एकाने चाक वर-खाली, म्हणजे घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी, धरून हलवायचं. दुसऱ्याने टॉर्च घेऊन खाली सांध्यावर बोट ठेवायचं. प्ले, म्हणजे ढिलेपणा, लागला तर तिसऱ्याला ब्रेक दाबायला सांगायचं. ब्रेक दाबल्यावर प्ले नाहीसा झाला तर दोष चाकाच्या बेअरिंगचा, जॉइंटचा नाही. तीन आणि नऊच्या जागी धरून हलत असेल तर टाय रॉड एंड किंवा रॅक एंड. शेवटी आर्म आणि नकल (चाकाचं बेअरिंग धरणारा, स्टिअरिंगबरोबर वळणारा भाग) यांच्यामध्ये पहार घालून हलकेच उचकायचं. निरोगी जॉइंटमध्ये डोळ्याला दिसेल अशी हालचाल नसते.

चाक लोंबकळतंच का ठेवायचं, हे बऱ्याच मेकॅनिकनाही विचारावं लागतं. मॅकफर्सनमध्ये गाडीचं वजन स्ट्रटवरून चाकात उतरतं. खालचा बॉल जॉइंट वजन पेलत नाही, तो चाकाला आडवं आणि पुढे-मागे सरकण्यापासून धरून ठेवतो. म्हणून चाक लोंबकळलं की सांधा मोकळा होतो आणि प्ले कळतो. ज्या गाडीत दोन विशबोन, म्हणजे चाकाला वर एक आणि खाली एक असे दोन आर्म, असतात आणि स्प्रिंगचा जोर खालच्या आर्मवर येतो, तिथे उलट असतं: गाडी नुसती उचलली तर स्प्रिंगच जॉइंट घट्ट दाबून धरते आणि खराब जॉइंटही ठणठणीत वाटतो. तिथे जॅक खालच्या आर्मखाली लावून जोर काढल्यावरच प्ले कळतो.

मग इलेक्ट्रिक गाडी जड असते म्हणून बॉल जॉइंट लवकर जातो, हे खरं की खोटं? अर्धं खरं. पहिली ३०.२ किलोवॅट-तास बॅटरीची टाटा नेक्सॉन ईव्ही १४०० किलोची, पेट्रोल नेक्सॉन सव्वाबाराशेच्या आसपास. तिचा टॉर्क, म्हणजे चाक फिरवायचा जोर, २४५ न्यूटन-मीटर, पेट्रोलचा १७०, आणि तो उभ्या जागेवरून मिळतो. हे जादा वजन सांध्यावर थेट बसत नाही, पण वळणात आणि ब्रेकमध्ये त्याच वजनाला आवरायचं असतं, तो आडवा जोर सांध्यावर येतो. तरी माझ्या पाहण्यात जॉइंटचा खरा शत्रू फाटलेला रबरी बूट आहे. आत गोळा आणि त्याभोवती उखळी, मध्ये ग्रीस, असा तो आपल्या खांद्यासारखा सांधा. बूट फाटला की ग्रीस बाहेर, पाणी आणि माती आत. गगनबावड्याकडून पावसाळ्यात येणाऱ्या गाड्यांत मी हे दरवर्षी बघतो. बूट फाटलेला असेल तर प्ले नसला तरी मी जॉइंट बदलायला सांगतो, कारण हे जॉइंट बंद असतात, ग्रीस भरायला निपल नसतं.

आता पार्ट. काही गाड्यांत जॉइंट आर्मला बोल्टने किंवा रिव्हेटने बसवलेला असतो, काहींत आर्मच्या भोकात दाबून वर सर्क्लिप (अडकवायची कडी) असते, आणि काही कंपन्या तो सुटा देतच नाहीत, अख्खा आर्म घ्यावा लागतो. सुटा मिळत असला तरी आर्मचे बुश तडकलेले असतील तर अख्खा आर्मच घ्या. मजुरी आणि अलाइनमेंट एकदाच होते. सुट्या पार्टात बाजारातला नाव नसलेला स्वस्त जॉइंट मात्र घेऊ नका. हा तुटला तर चाक कमानीत दुमडतं, गाडीवर ताबा राहत नाही.

करंटचं थोडक्यात. जाड नारिंगी केबल दिसतात त्या उच्च दाबाच्या. या कामात त्यांना हात लावायची गरजच पडत नाही. चार्जर काढलेला, गाडी बंद, चावी गाडीपासून लांब, बारा व्होल्टच्या बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सुटं, एवढं पुरतं. उच्च दाबाचा प्रवाह तोडणारा सर्व्हिस प्लग ओढून काढायच्या भानगडीत प्रशिक्षण नसलेल्याने पडू नये, त्याला वेगळे हातमोजे आणि थांबायचा ठराविक वेळ लागतो. चावी लांब ठेवायला सांगतो ते उगाच नाही. गाडी ‘रेडी’ असली तरी आवाज काही येत नाही, आणि एक चाक हवेत असताना कोणाचा पाय ॲक्सिलरेटरवर पडला तर ते चाक गरगर फिरतं.

जॅकचं मात्र सविस्तर सांगतो. या गाड्यांच्या पोटाखाली चाकांच्या मध्ये बॅटरीची पेटी असते. आपल्याकडे ट्रॉली जॅक हाताला येईल तिथे सारायची सवय आहे, आणि लिफ्टचे हात आत वळवायचीही. पेटीला जॅक लागला तर पत्रा आत दबतो. आतल्या सेलना काय झालं ते बाहेरून कळत नाही आणि पुढे वॉरंटीत वाद उभा राहू शकतो. जॅक पायदानाखालच्या खुणा केलेल्या जागीच लावायचा, मध्ये रबरी पॅड घालून. मग लोखंडी स्टँड लावायचे. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली हात घालायचा नाही. मागच्या चाकांना अडणी, आणि पुढच्या चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करायचे.

चाक निघालं की काम ओळखीचं आहे. लिंक रॉड सोडायचा, नाहीतर बार आर्मला वर खेचत राहतो. एबीएस सेन्सरची वायर क्लिपमधून मोकळी करायची, म्हणजे ओढली जाणार नाही. नकलमध्ये जॉइंटचा दांडा दोन पद्धतींनी धरलेला असतो. आवळपट्टीसारखी पकड असेल तर आडवा बोल्ट (पिंच बोल्ट) पूर्ण बाहेर काढावा लागतो, कारण तो दांड्यावरच्या खाचेतून जातो. अर्धा सोडून ठोकत बसलात तर काही निघणार नाही. दांडा निमुळता असेल तर नट थोड्या आट्यांवर ठेवून पुलर लावायचा. पुलर नसेल तर लोखंडी नकलच्या कडेवर हातोड्याने ठोके. पण नकल ॲल्युमिनियमचं असेल, आणि वजन वाचवायला काही इलेक्ट्रिक गाड्यांत असतं, तर हातोडा नाही आणि गॅसची ज्योत तर नाहीच. तिथे पुलरच.

जॉइंट सुटला की आर्म पहारीने खाली दाबायचा आणि नकल बाहेर काढायचं. इथे घाई नको. नकल बाहेर लोंबू दिलं तर एक्सलचा आतला जॉइंट निसटतो. मोटरच्या रिडक्शन गिअरबॉक्समधून एक्सल बाहेर आला तर तेलही गळतं, आणि छोट्या कामाचं मोठं काम होतं. नकल तारेने स्प्रिंगला बांधून ठेवायचं, ब्रेकच्या नळीवर वजन येऊ द्यायचं नाही. जॉइंट दाबून बसवायचा असेल तर जोर बाहेरच्या कड्यावर द्यायचा. दांड्यावर किंवा बुटावर दाब दिला तर नवा जॉइंट बसतानाच बिघडतो. निमुळता दांडा आणि नकलचं भोक पुसून कोरडं ठेवायचं, त्यावर ग्रीस लावायचं नाही. दांडा नटाबरोबर गोल फिरत असेल तर खालून जॅकने आर्म जरा वर दाबायचा, निमूट बसतो.

नट आणि पिंच बोल्ट नवे घ्या. किती आवळायचं तो आकडा गाडीगणिक वेगळा असतो, तो सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्यायचा आणि टॉर्क रेंचनेच लावायचा. हवेच्या गनने ‘टर्रर्र’ करून सोडून देणाऱ्याकडे हे काम देऊ नका. कॅसल नट (डोक्यावर खाचा असलेला) असेल आणि स्प्लिट पिनचं भोक जुळत नसेल तर नट थोडा पुढे आवळायचा, मागे कधीच सोडायचा नाही.

अख्खा आर्म बदलला असेल तर हे गॅरेजवाल्याला आवर्जून सांगा: बुशचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडीचं वजन चाकांवर आल्यावर. चाक लोंबकळत असताना आवळले तर बुशचं रबर पिळलेल्या अवस्थेत अडकतं, आणि नवा बुश थोड्याच दिवसांत तडकतो. मग आवाज परत येतो आणि दोष बिचाऱ्या पार्टवर ढकलला जातो.

गाडी खाली आल्यावर कॉम्प्युटर अलाइनमेंट करून घ्या. बारा व्होल्टची बॅटरी सोडली होती म्हणून डॅशबोर्डवर स्टिअरिंगचा दिवा लागू शकतो. काही गाड्यांत स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवलं की जातो, काहींना स्कॅनर लावावा लागतो. काही दिवस गाडी चालवल्यावर नट एकदा पुन्हा तपासून घ्या.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, दोन्ही बाजू एकदम बदलायच्या का. शॉकअबसॉर्बर जोडीने बदलतात, बॉल जॉइंटला तसं बंधन नाही. उजवीकडचा बूट शाबूत असेल, पहार लावल्यावर हलत नसेल, तर तो तसाच राहू द्या. आणि गाडी वॉरंटीत असेल तर बाहेर पैसे घालण्याआधी हा पार्ट त्यात येतो का ते कागदावर बघून घ्या. बॅटरीची वॉरंटी आणि बाकी गाडीची वॉरंटी वेगवेगळ्या मुदतीच्या असतात, आणि बॉल जॉइंट दुसरीत मोजला जातो.